सोनेरी रंगाखालचा पाईन

निवडणुकीची ड्यूटी आणि तिला जोडून घेतलेली रजा संपवून मी कॉलेजात परतले, तेव्हा गेटच्या आत डाव्या हाताला एक कारंजं उभं राहिलं होतं. भोवती दगडांची रास, दगडांना सोनेरी ऑइल पेंट आणि पुढे एक लोखंडी चौकट, तिच्यावर ‘सेल्फी पॉइंट’ असं लिहिलेलं. तपासणी समिती येणार होती, त्यामुळे कॉलेज नटणार हे ठाऊकच होतं. कुंड्यांना गेरू, बुंध्यांना चुना, जिन्यात सुविचार, हे दर खेपेला होतं. मी पुढे निघालेही होते. पण त्या राशीतल्या सगळ्यांत मोठ्या दगडाला मध्यावर एक गाठ होती, लाकडाला फांदी फुटते तिथे असते तशी. त्या गाठीवर मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांचे हात ठेवून दाखवत आले होते.

मी तिथेच थिजले. वॉचमन आपुलकीनं म्हणाला, “मॅडम, फोटो काढू का तुमचा?”

ते आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं अश्मीभूत लाकूड होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी पुरात वाहून आलेली, गाळाखाली गाडली गेलेली झाडं. पाण्यात विरघळलेली सिलिका त्यांच्या पेशीपेशीत शिरली, लाकडाचा दगड झाला आणि आतली घडण जशीच्या तशी राहिली. असे पन्नास-साठ तुकडे विभागाच्या मागच्या व्हरांड्यात फळ्यांवर मांडलेले असत. ते आणले होते माझ्या सरांनी. सर म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकले, पीएच.डी. केली आणि ज्यांच्या जागेवर पुढे मी लागले, ते. ऐन तरुणपणी ते एसटीनं गडचिरोलीकडे, सिरोंच्याला जायचे, ओढ्यानाल्यांतून उन्हात भटकायचे आणि गोणपाटात बांधलेले दगड मांडीवर घेऊन पुण्याला यायचे. स्वारगेटला उतरल्यावर हमाल विचारायचे, “काय आहे?” सर सांगायचे, “लाकडं.” हमाल ओझं उचलायचे आणि शिव्या द्यायचे.

प्रत्येक तुकड्यावर सर एका कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचे आणि त्यावर बारीक टाकानं काळ्या शाईत लिहायचे: गाव, ओढा, कुठल्या थरातून काढला, वर कुठला खडक, खाली कुठला. दोन बोटांएवढ्या जागेत सगळी कुंडली. मी विद्यार्थिनी असताना विचारलं होतं, “सर, वहीत का नाही लिहीत?” ते म्हणाले होते, “वही हरवते. दगडावर लिहिलेलं दगडाबरोबर राहतं.”

कारंज्यातल्या त्या दगडावर मी ठिपका शोधला. नखानं सोनेरी रंग खरवडून पाहिला. ठिपका नव्हता.

मी तशीच प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. प्राचार्य मनुष्य म्हणून वाईट नव्हते. नाकासमोर चालणारे, सगळ्यांशी ‘आपण’ म्हणून बोलणारे, आणि कॉलेज चकाचक दिसलं पाहिजे या एकाच ध्यासानं पछाडलेले. मी विचारलं, “व्हरांड्यातले जीवाश्म गेटवर कसे गेले?”

“आपण पाहिलंत? कसं दिसतंय?”

“कुणाला विचारून नेले?”

“मॅडम, आपण रजेवर होता. व्हरांडा मोकळा करायचा होता, तिथे विद्यार्थी सुविधा केंद्र होतंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, दगड छान आहेत, वाया कशाला घालवायचे.”

“त्यावर लिहिलेलं होतं.”

“हो, डाग होते काही. ॲसिडनं धुऊन, तारेच्या ब्रशनं घासून घेतले त्यानं. नाहीतर रंग धरत नव्हता.” हे त्यांनी कामाची तारीफ करावी तसं सांगितलं.

“आणि बाकीचे? तिथे वीस-पंचवीसच आहेत.”

त्यांनी आठवल्यासारखं केलं. “पार्किंगला भराव लागत होता.”

खिडकीतून नवं पार्किंग दिसत होतं. त्यावर ओळीनं दुचाक्या लागल्या होत्या. प्राचार्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, शेवटी दगडच होते ना?”

त्या वाक्याचा राग आजही गेलेला नाही. दगडच होते. मग ग्रंथालयातला कागदच आहे म्हणून उद्या त्यात भजी बांधायला द्या.

परत जाताना मी कारंज्यावरचा फलक वाचला. ग्रॅनाइटवर कोरलेला होता: ‘हिमालयातील प्राचीन पाईन वृक्षाचे जीवाश्म’. हे ज्ञान कुठून आलं म्हणून चौकशी केली, तर कॉन्ट्रॅक्टरनं मोबाइलवर शोधलं होतं. दगडी लाकूड असं टाकल्यावर जे पहिलं चित्र आलं, त्याखाली पाईन लिहिलेलं होतं. हिमालय त्यानं पदरचा घातला. पाईन म्हटल्यावर हिमालय आलाच.

इथे थोडं सांगायला हवं, नाहीतर माझ्या संतापाचा अर्थ लागणार नाही. दगड झालेलं झाड ओळखणं सोपं नसतं. पान नाही, फूल नाही, साल नाही. हिऱ्याच्या पात्यानं त्याचा पातळ काप काढायचा, काचेला चिकटवायचा, आणि कुरुंदाच्या खरखरीत भुकटीवर इतका घासायचा की दगडातून उजेड आरपार जावा. असे तीन दिशांनी तीन काप. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या दिसायला लागतात, नुकत्याच तोडलेल्या झाडासारख्या. नळ्यांच्या भिंतींवर बारीक गोल खळगे असतात. पाईनमध्ये ते बहुधा एकाखाली एक, सुटे सुटे, शर्टाच्या गुंड्यांसारखे असतात. सिरोंच्याकडच्या त्या फार जुन्या सूचिपर्णी झाडांत ते दोन-तीन रांगांत एकमेकांना खेटून बसतात, इतके की त्यांचे कोन पडतात आणि मधाच्या पोळ्यासारखं दिसतं. शिवाय पाईनच्या लाकडात राळेच्या नलिका असतात, या झाडांत नसतात. सरांनी मला हा फरक दाखवला तो दिवस मला आठवतो. मी पोळं पाहिलं आणि खुर्चीतून उठून उभी राहिले. ज्या झाडाखाली माणूस कधी उभा राहिलेला नाही, त्याच्या पोटातलं मी बघत होते.

त्या झाडांना गेटवर सोनेरी रंग फासून त्यांच्यावर दुसऱ्याच कुणाच्या नावाचा फलक लावला होता.

समितीला द्यायच्या अहवालात विभागाचा जीवाश्म संग्रह ‘सुस्थितीत’ असल्याचं वाक्य होतं. विभागप्रमुख म्हणून माझी सही हवी होती. मी दिली नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की प्रभारी म्हणून दुसऱ्या कुणाची तरी घेतली.

समिती आली. ढोल वाजले, फेटे बांधले गेले. अध्यक्ष कारंज्यापाशी थांबले, चौकटीत उभे राहिले, फोटो झाला. मग त्यांनी फलक वाचला आणि सहज विचारलं, “हे इथे कसं आलं?” प्राचार्यांनी घाईघाईनं माझ्याकडे हात केला. “या आमच्या तज्ज्ञ.”

मी म्हटलं, “सर, हे हिमालयातलं नाही आणि पाईनही नाही. हे गडचिरोलीकडचं, त्याहून कितीतरी जुनं झाड आहे. त्यावर त्याचा ठावठिकाणा लिहिलेला होता. तो गेल्या महिन्यात ॲसिडनं धुऊन टाकला. उरलेली झाडं पार्किंगखाली आहेत. तिकडेही नेऊन दाखवते.”

ढोलवाले थांबलेलेच होते. एक-दोन प्राध्यापकांनी बुटांकडे पाहिलं. माझी समजूत अशी होती की आता काहीतरी होईल. अध्यक्षांनी मान डोलावली, “व्हेरी इंटरेस्टिंग” म्हणाले आणि विचारलं, “चहा वर आहे का?”

मग सगळे वर चहाला गेले.

समिती गेल्यावर प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. “आपण कॉलेजची अब्रू घालवलीत.” मी म्हटलं, “ती मला पार्किंगच्या भरावात दिसली होती.” त्यानंतर आमचं बोलणं फक्त नोटिशींपुरतं उरलं. मी दगड परत मागत राहिले. उत्तर ठरलेलं: सुशोभीकरण नुकतंच झालंय, लगेच तोडता येणार नाही.

शेवटी जे माझ्या पदवीला, वयाला आणि भांडणाला जमलं नाही, ते डासांनी केलं. कारंज्याचा पंप बिघडला, पाणी साचलं, आणि महापालिकेची माणसं डेंग्यूची तपासणी करत कॉलेजात आली. बॅटरी मारून त्यांनी पाण्यातल्या अळ्या दाखवल्या. नोटीस आली. ग्रॅनाइटचा फलक, सोनेरी रंग, सेल्फीची चौकट, सगळं असूनही कारंजं आठवड्यात कोरडं करून तोडायचा आदेश निघाला. मी सुट्टीच्या दिवशी येऊन समोर खुर्ची टाकून बसले. गवंडी सिमेंट फोडायचा आणि मी म्हणायचे, “हळू. अहो, हळू.” तो वैतागून म्हणाला, “बाई, तोडायचंय ना?” “सिमेंट तोडायचंय,” मी म्हटलं. संध्याकाळपर्यंत एकवीस तुकडे निघाले. दोन त्यानं फोडले. त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता, पण मी रागावले.

रंग काढायला थिनर, चिंध्या आणि दिवाळीची सगळी सुट्टी लागली. खाली दगड निघाला तो कोरा. एकावरही अक्षर नाही. आता कुठला तुकडा कुठल्या ओढ्यातला? व्हरांड्यातल्या फळीवरचा क्रम मला पाठ होता, पण फळीही गेली होती आणि क्रमही. एकच मार्ग उरला, प्रत्येकाचे काप काढायचे आणि झाडालाच विचारायचं. काप काढायचं आमचं यंत्रही भंगारात गेलेलं निघालं. मग मार्केट यार्डाजवळच्या एका फरशीवाल्याकडे मी दगड घेऊन जायला लागले. त्याच्या पात्यावर जाडसर चकत्या करून आणायच्या आणि घरी काचेवर पाणी आणि भुकटी टाकून हातानं घासायच्या. मोरीतल्या पाटावर बसून मी तास न् तास घासत असे. यजमान एकदा म्हणाले, “पाटा-वरवंटा विकून टाकला म्हणून आपण फसलो.” मला हसू आलं नाही. त्यांनी मुकाट्यानं एक उशी आणून माझ्या पाठीमागे लावली.

एकेक काप सूक्ष्मदर्शकाखाली गेला. पोळं, पोळं, पुन्हा पोळं. सगळी सिरोंच्याकडची मंडळी. निदान तालुका तरी कळला, ओढा नाही. मग एक लहान, तपकिरी, दिसायला अगदी सामान्य तुकडा आला. त्याचा आडवा काप ठेवला आणि मी थांबले. नळ्यांच्या सरळ रांगांत मध्येच मोठी गोल भोकं होती, राळेच्या नलिकांची असावीत तशी. मी भिंग बदललं. जखम झाली की काही झाडांत अशी भोकं एका ओळीत येतात, त्यामुळे मी स्वतःला आवरलं. पण ही ओळीत नव्हती, सुटी विखुरलेली होती. भोवतालच्या पेशींच्या भिंती पातळ, काही फाटलेल्या. उभा काप पाहिला: खळगे एकाच रांगेत, गोल, सुटे. आणि आडव्या जाणाऱ्या पेशी जिथे नळ्यांना टेकतात तिथे खिडक्यांसारखे मोठे खळगे. मी तिन्ही काप पुन्हा पाहिले, मग डोळे धुऊन आले आणि पुन्हा पाहिले.

पाईन होता. खरा.

आधी मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्यानं हसले. दक्षिणेकडच्या आपल्या त्या जुन्या खडकांत खरा पाईन सापडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं. मग हा आला कुठून? आणि हा प्रश्न मनात येताक्षणी आनंद संपला. कारण उत्तर त्या दगडावर लिहिलेलं होतं.

सरांना मी तोवर काही सांगितलं नव्हतं. खुब्याचं हाड मोडून ते घरीच होते. पण आता जाणं भाग होतं. मंडईच्या गर्दीतून वाट काढत मी नारायण पेठेत त्यांच्याकडे गेले. वॉकर बाजूला ठेवून ते खिडकीशी बसले होते. मी फोनवर कापांचे फोटो दाखवले. त्यांनी चष्म्यावर भिंग धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

“पाईन,” ते म्हणाले. “कुणाचा गं हा?”

“आपल्याच संग्रहातला. सर, हा तुम्ही कुठून आणला होतात?”

“त्याच्यावर लिहिलंय की.”

मी फोन खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. ॲसिड, ब्रश, रंग, भराव. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, “पुसताना त्यानं वाचलं तरी का?”

“नाही सर.”

“हं.”

“तुम्हाला काही आठवतंय का? तपकिरी, मुठीपेक्षा थोडा मोठा.”

त्यांनी डोळे मिटले. “एका विद्यार्थ्याचा मामा फौजेत होता, त्यानं लडाखहून काही दगड आणले होते. एका परिषदेत एका जर्मन माणसानं एक तुकडा दिला होता. आणि काश्मीरला मी स्वतः गेलो होतो.” त्यांनी डोळे उघडले. “तिघांतला कुठला, ते नाही सांगता येत. लिहून ठेवलं होतं ना, म्हणून लक्षात ठेवलं नाही.”

ते हे शांतपणे म्हणाले. मला मात्र रडू कोसळलं. त्यांनी मला रडू दिलं आणि मग दटावलं, “अंदाज लिहू नकोस. तिघांतलं एक निवडशील आणि पुढच्या माणसाला खरं वाटेल.”

बातमी कॉलेजात पोचायला वेळ लागला नाही. प्राचार्यांनी मला स्वतः फोन केला. कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज इतका प्रसन्न ऐकला. “मॅडम, अभिनंदन! म्हणजे आपला बोर्ड बरोबरच होता की!”

एकवीस दगडांवर एकच खोटं नाव लावलं होतं. त्यांतल्या एकाला ते चुकून लागू पडलं. त्याचंही गाव त्यांनीच पुसलेलं. आणि चीड अशी की मी ‘हिमालय नाही’ असंही आता छातीठोकपणे म्हणू शकत नव्हते. तो लडाखचा किंवा काश्मीरचा असेल, तर त्या मोबाइलवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा हिमालयसुद्धा खरा. मी एवढंच म्हटलं, “बोर्ड बरोबर नव्हता सर. बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं.” ते मनापासून हसले. त्यांना तो विनोद वाटला. महिनाभरात कॉलेजच्या वेबसाइटवर ‘दुर्मीळ पाईन जीवाश्माचा शोध’ अशी बातमी आली. फोटो कारंज्याचा.

मी कापांची चित्रं उत्तरेतल्या एका अभ्यासक बाईंना पाठवली. जन्मभर त्यांनी पाईनच पाहिलेत. त्यांचा फोन आला. ओळख बरोबर होती. जातीच्या जवळपासही जाता येईल, असं त्या उत्साहानं बोलत होत्या. मग म्हणाल्या, “मिळाला कुठे? थर कुठला?” मी सांगितलं, माहीत नाही. “अरेरे,” त्या म्हणाल्या. “मग याचं काय करणार?” झाड ओळखता आलं होतं. ते कधी जगलं, कुठल्या डोंगरावर, कुठल्या हवेत, हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं. असा पाईन शोधनिबंधात छापता येत नाही.

पुढल्या वर्षी प्राचार्य निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांच्या कामांची यादी वाचली गेली, त्यात सुशोभीकरण वरच्या क्रमांकावर होतं. टाळ्या पडल्या. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. शेजारच्या प्राध्यापिकेनं कोपरानं ढोसलं. मी तिला म्हटलं, “माझे हात दुखतात.” ते खरंच दुखत होते.

नव्या प्राचार्यांकडून मी जिन्याखालची एक खोली आणि तिचं कुलूप मिळवलं आहे. बुधवार पेठेतून कोरायचं एक छोटं यंत्र आणलं आहे, दातांच्या डॉक्टरकडे असतं तसं किर्र वाजणारं. शाईवर माझा भरवसा उरलेला नाही, म्हणून आता मी दगडातच खोदते. सिरोंच्याकडच्या तुकड्यांवर ‘सिरोंचा परिसर, ओढा अज्ञात’ आणि तपकिरी तुकड्यावर ‘पाईन, ठिकाण अज्ञात’. अज्ञात हा शब्द खोदायला फार वेळ लागतो. ज्ञ ला वळणं पुष्कळ, आणि दगड कठीण. अजून निम्मे तुकडे व्हायचे आहेत. शनिवारी दुपारी वर्ग नसतात, तेव्हा मी दार आतून लावून घेते आणि बसते.